कच्चे टाके

माय, तुझ्या पणतीला सातवा लागलाय. म्हणजे माझी नात पोटुशी आहे. योगाच्या वर्गाला जाते, चटई काखेत मारून. आज मला विचारत होती, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का?" मी म्हटलं, "होतं न. रोज करायची मी." इतक्या वर्षांनी तेच खोटं, पुन्हा तसंच तोंडातून गेलं. ती खूश झाली. मला जेवण गेलं नाही.

छप्पन साली आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर चार-पाच वर्षांनी मी पहिलटकरीण होते. तू महागाववरून एसटीनं यवतमाळला माझ्या घरी आलीस. महागावच्या दवाखान्यात तू फरशी पुसायचीस आणि तिथल्या डॉक्टरीणबाई गरोदर बायांना आसनं दाखवायच्या, ती तू पुसता पुसता पाहून घेतलेली. माझ्या खोलीत लुगडं खोचून तू हातागुडघ्यांवर ओणवी होतेस, मांजरीसारखी पाठ वर घेतेस, खाली सोडतेस. "यानं कंबर धरत नाही, झोप लागते. अन् दम पुरते वो बाई, कळा द्याच्या वक्ताले दमच लागते." माझ्या गुडघ्यांना टोचू नये म्हणून तू जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून आणली होतीस. वाटेत घडी सुटू नये म्हणून चारी कोपऱ्यांना कच्चे टाके.

मी म्हटलं, "आता आपण कोणापुढं वाकत नाही, माय. तूच सांगतलं न?" खरं ते नव्हतं. समोरच्या मास्तरीणबाईंच्या खिडकीतून माझी खोली दिसायची, आणि तू ओणवी झालीस की फरशी पुसणारी बाईच दिसायचीस. मला तुझी लाज वाटली. दीक्षेसारख्या गोष्टीचा मी आडोसा केला. तू चिडली नाहीस. "कोणापुढं नको वाकू," म्हणालीस. "पोटातल्यासाठी वाक."

महिन्यानं आलीस तेव्हा विचारलंस, "करून राह्यली न?" मी म्हटलं, "हाव, रोज." गोधडी पेटीच्या तळाशी होती.

बाळंतपण दोन दिवस चाललं. तू पाठीवर हात फिरवत "श्वास सोड, सोड" म्हणत होतीस आणि मला तो सोडता येत नव्हता. शेवटी पोरगी झाली. तिच्याखाली घालायला तू पेटीतून गोधडी काढलीस. चारी टाके जसेच्या तसे. मी पडल्या पडल्या पाहते आहे. तू एकेक टाका दातानं तोडलास, दोरा बोटाला गुंडाळलास, आणि दारातल्या बायांना म्हणालीस, "माह्या पोरीनं रोज केलं, म्हून दोघीबी वाचल्या."

मग मरेपर्यंत वस्तीतल्या प्रत्येक पोटुशीला तू माझाच दाखला दिलास. त्या वाकल्या, त्यांचं बरंही झालं. मला तू एका शब्दानं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं, माय.

हा कागद त्या गोधडीच्या घडीतच ठेवते. नात म्हणत होती, "आजी, करून दाखव न." मी गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. गुडघे धड आहेत माझे. मला ते येतच नाही.