उजव्या टोकाची खिडकी

सोमवार, ३ मार्च
मेहुणा आमच्या छापखान्याचा साहेब झाला. पहिल्याच दिवशी माझी खोली बळकावली. उजव्या टोकाची, भरपूर उजेडाची. मला डावं टोक, शेजारी संडास. वर म्हणतो, भावोजी, तुम्ही काय, कुठेही बसून कोराल. मी रागावलो नाही. त्याला फक्त धुळीला मिळवायचं ठरवलं.

बुधवार, ५ मार्च
संधी चालून आली! वर्धापनदिनासाठी आमच्या इमारतीचं तांब्यावर कोरून छापलेलं चित्र हवंय, जुन्या राजवाड्यांच्या चित्रांसारखं. राजवाडे कोरावेत मीच. मधोमध दार, दोन्हीकडे तंतोतंत सारख्या खिडक्या, खाली मुंगीएवढी माणसं. सत्ता म्हणतात ती हीच. सगळं ओळीत, म्हणून बघणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. त्यातली एक खिडकी काढा, राजाचं हसं होतं.
साहेबाची खिडकी काढणार. तिथे सपाट भिंत. बस म्हणावं अंधारात, सगळ्या पाहुण्यांसमोर.

रविवार, ९ मार्च
तांब्याच्या पत्र्यावर डावं ते कागदावर उजवं येतं. नवखे इथेच फसतात. मी जन्मभर राजवाडे कोरले, दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे ही कटकट मला कधी शिवलीच नाही.
आज पत्र्यावर उजवं टोक बुजवलं. फिनिशिंग झकास.
ही म्हणाली, पत्रा एकदा आरशात धरून बघा. मला धंदा शिकवतेय! शेवटी त्याचीच बहीण.

शुक्रवार, १४ मार्च, सकाळी
आज छपाई. मुद्दाम गेलो नाही. आनंद चेहऱ्यावर दिसला असता.

संध्याकाळी
छापलेली प्रत घरी आली. साहेबाची खिडकी जागेवर आहे. भिंत माझ्या खोलीला आलीय. कागद खराब असणार.

शनिवार, १५ मार्च
मेहुण्याने मिठीच मारली. म्हणाला, भावोजी, तुमची खोली स्टोअररूमसाठी हवी होती, पण मागायला जीभ रेटत नव्हती. तुम्ही आपणहून खिडकी बुजवून दाखवलीत! आता समारंभाआधी इमारत चित्राबरहुकूम करून घेतो. मला जिन्याखाली टेबल.
हिला सांगितलं तर हिचे डोळे भरून आले. म्हणे, भावासाठी एवढं कोण करतं.
चूक आहे म्हणून कबूल करणं आता शक्य नाही.

सोमवार, १७ मार्च
गवंडी आलाय. चित्र भिंतीला टेकवून माझ्या खिडकीत विटा रचतोय. म्हणाला, कुणी काढलंय हो हे? अगदी मापात आहे.
म्हटलं, मी.
छाती फुगलीच जरा.