पहिल्या शुक्रवारच्या आत

अंबरनाथ पूर्व,
२९ जानेवारी २०२५

प्रिय शमुदादा,

प्रभूच्या नावात सलाम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कुरिअर. त्याला सही द्यावीच लागते. वहिनी बरी असेल. नगरला तुझे उपदेश गाजतात असं ऐकते. क्षमेवरचा विशेष रंगतो म्हणे.

इकडे शिवमंदिराकडचा रस्ता खोदलाय, रिक्षा दारापर्यंत येत नाही. बाकी ठीक. आई आता उठत नाही. डॉक्टर दिवस सांगत नाहीत, पण तपासण्याही सांगायच्या बंद झाल्यात.

तिचा आणि सासूबाईंचा पलंग एकाच खोलीत, मध्ये स्टूल. दर पहिल्या शुक्रवारी कॅथलिक चर्चमधून सिस्टर येतात, डबीतून ख्रिस्तशरीराची पातळ भाकर काढून सासूबाईंना देतात. आपली आईही डोक्यावर पदर घेते आणि तोंड किंचित उघडून वाट बघते. ती कॅथलिक नाही, म्हणून सिस्टर डबी मिटतात. मागच्या वेळी त्यांनाच रडू आलं.

मी फादरांना भेटले. ते म्हणाले, नियम तसा दयाळू आहे. मरणाच्या दारातल्या प्रोटेस्टंट माणसाला देता येतं. त्याची तशी श्रद्धा हवी, मागणी हवी, आणि त्याच्या स्वतःच्या चर्चचा पाळक मिळत नसायला हवा.

"त्यांचे पाळक कोण?"

"माझा भाऊ. तिचा मुलगा."

"मग बोलवा की."

काय सांगायचं? मी कॅथलिकाशी लग्न केलं म्हणून बावीस वर्षं तू या घरचं पाणी प्यायला नाहीस, हे? म्हटलं, कामात असतो. चर्चच्या ऑफिसात बसून खोटं बोलले, तुझी लाज राखायला.

सोबत एक कागद आहे: 'माझ्या आईला प्रभुभोजन द्यायला मी येऊ शकत नाही.' खाली सही कर. फादरांना तेवढं पुरेल. आईला तो दाखवलेला नाही, सही आली तरी दाखवणार नाही. ती अजून म्हणते, शमू आला की त्याच्याच हातून घेईन.

सही नाही आणि तूही नाहीस, तर सात फेब्रुवारीला सासूबाई आपल्या भाकरीतलं अर्धं मोडून आईला देणार आहेत. सिस्टरांच्या देखत. मी त्यांना अडवत होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस; कल्पना माझीच. नियमांबद्दल काही बोलायचं असेल तर सासूबाईंशी बोल. त्यांना कमी ऐकू येतं.

दोन पलंगांमधलं स्टूल त्या दिवशी रिकामं ठेवते.

चर्चमधल्या मंडळीच्या वहीतून तू खोडलेली,
तुझी सख्खी बहीण,
संजीवनी