कमरेला सोऱ्या लावून पाच दिवस

मेडनहेड, इंग्लंड,
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

तीर्थस्वरूप दाजींस,

यतीनचा साष्टांग नमस्कार. (आमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये साष्टांग घालण्याइतकी जागा नाही, म्हणून गुडघ्यांपर्यंतच घातला आहे. खोटे लिहिणे बरे नाही.) तुमची साखर, तुमचा गुडघा आणि ॲरिझोनातल्या टूसॉनचे ऊन ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मी, ऋजुता आणि गेले तीन आठवडे आमच्याकडे असलेली तुमची सौभाग्यवती, म्हणजे आमची वैजयंतीताई, ठीक आहोत. ताई जेवते, फिरते, थेम्समधल्या बदकांना नावे ठेवते. तुमचे नाव काढले की मात्र "कोण दीनानाथ?" असे विचारते.

आता मुद्द्याचे. तुमच्या शेजाऱ्यांकडे चोरी झाली, त्यावर तुम्ही कुणालाही न विचारता शॉटगनची काडतुसे उडवणारे पाच काडतुसांचे रिव्हॉल्वर घेऊन आलात, ताईला ते रद्दीच्या टोपलीत सापडले आणि ती मिळेल त्या विमानाने इकडे आली. मग फोनवर तुमचे दोघांचे एकमत झाले (तीन आठवड्यांतले एकुलते एक), की असले रिव्हॉल्वर रोज कमरेला बाळगणे व्यवहार्य आहे का, ते यतीनने ठरवावे. व्यवहार्य निघाले तर ताई मुकाट्याने घरी परतेल, नाही निघाले तर तुम्ही ते दुकानात परत द्याल. या कामावर मलाच का नेमले, याचा मी डायरीत चार पाने विचार केला. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, कुठलीही वस्तू वापरून पाहिल्याशिवाय मत देत नाही, हे एक कारण असावे. ऋजुताचे म्हणणे असे, की मी मुळात काही ठरवूच शकणार नाही याची तुम्हा दोघांनाही खात्री होती, म्हणून दोघेही निर्धास्त होतात.

अडचण अशी, की या देशात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही. (त्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही. पण परीक्षकाने मत आधी सांगू नये, तेव्हा हे वाक्य आपण वाचले नाही असे समजावे.) म्हणून त्याच वजनामापाची दुसरी वस्तू शोधणे आले. भरलेले रिव्हॉल्वर किलोभर भरते असे तुम्ही कळवले होते. ड्रिल मशीन जड निघाले, हेअर ड्रायर हलका. अखेर ऋजुताने दिवाळीच्या चकल्यांसाठी काढून ठेवलेला आईचा पितळी सोऱ्या नजरेस पडला. नळकांड्याची जाडी, तोंडाचा घेर, एकंदर अवघडपणा, सगळे जुळत होते. वजन आठशे नव्वद ग्रॅम. उरलेल्या एकशे दहा ग्रॅमसाठी मी त्यात भाजणीचे पीठ मळून भरले आणि नाडीने तो उजव्या कमरेला, कोटाच्या आत बांधला. (रिकाम्या सोऱ्याने चाचणी करणे म्हणजे स्वतःलाच फसवणे झाले असते.) ऋजुताने एवढेच विचारले, "संध्याकाळपर्यंत परत मिळेल ना?"

सोमवारी ट्रेनमध्ये कळले, की अशी वस्तू कमरेला असताना माणसाला सरळ बसता येत नाही. तुमच्या रिव्हॉल्वरची काडतुसे लांब, म्हणून ती भरायची फिरकीही लांब, आणि बसले की ती पोटात शिरणारच. मी डावीकडे कलून बसलो. शेजारच्या बाईंना वाटले, मी त्यांच्या पुस्तकात डोकावतो आहे. त्यांनी पान उलटताना "झालं वाचून?" असे फार सभ्यपणे विचारले. मी वाचत नव्हतो असे सांगावे तर मग कलून का बसलो ते सांगावे लागणार, म्हणून मी "झालं" म्हणालो. हे खोटे बोलणे दिवसभर लागून राहिले.

मंगळवारी मात्र अपघाती गोळीबार झाला. आठवड्याची मीटिंग होती, आमचे साहेब कीथ बोलत होते. मी खाली पडलेले पेन उचलायला वाकलो तेव्हा खुर्चीच्या हाताने सोऱ्याचा दट्ट्या दाबला गेला आणि माझ्या कोटाखालून पाच टोकांची चांदणी असलेली, तिखटामिठाची, चांगली वीतभर लांब चकली बाहेर येऊन लोंबू लागली. कीथ म्हणाले, "यतीन, तुला डॉक्टरकडे जायचं असेल तर अवश्य जा." मी डॉक्टरकडे गेलो नाही, पण नोंद केली: सुरक्षेचा खटका नसलेले साधन, वाकल्यावर आपोआप सुटते. नंतर मनात आले, हा दोष सोऱ्याचा, तो रिव्हॉल्वरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मी ती नोंद खोडली. मग खोडणे हाही पक्षपात वाटला, म्हणून पुन्हा लिहिली. तेव्हा तुम्ही ती अर्धी धरावी.

बुधवारी काडतुसातून सुटणाऱ्या छर्ऱ्यांचा पसारा तपासला. दुकानदाराने तुम्हाला सांगितले, की छर्रे पसरतात, त्यामुळे नेम नीट नसला तरी चालते. ते पसरतात, हे खरे. मी भिंतीवर चादर लावली, तीवर ताईकडून खडूने चोराची आकृती काढून घेतली (तिने काढलेल्या चोराला पोट आणि चष्मा होता, ते मी मनावर घेतले नाही, तुम्हीही घेऊ नये) आणि शंभर शंभर साबुदाणे मोजून मुठीने फेकले. हाताचा जोर दारूगोळ्याइतका नसतो, हे मला मान्य आहे. तीन पावलांवरून एकसष्ट लागले. सात पावलांवरून अकरा. उरलेल्या एकोणनव्वदांपैकी काही पडद्याला, काही टीव्हीला आणि तीन ऋजुताच्या चहात गेले. चोर तिथेच उभा होता. "एकादशी घडली मेल्याला," ताई म्हणाली. मी सोफ्याखाली वाकून सगळे दाणे गोळा केले, तरी चार सापडले नाहीत. दाजी, मला त्या चार दाण्यांनी झोप लागू दिली नाही. कारण साबुदाण्याच्या जागी छर्रे असते, तर त्या चारांचेही उत्तर मलाच द्यावे लागले असते.

गुरुवारी वेग तपासला. ऋजुता लाटणे घेऊन चोर झाली आणि स्वयंपाकघराच्या दारातून माझ्यावर धावून आली. मी कोट बाजूला करून, नाडी सोडवून सोऱ्या रोखायचा. मला अकरा सेकंद लागले, तिला दोन. तिने सात वेळा धाव घेतली आणि सातही वेळा मला लाटणे बसले. (चौथ्यांदा तर मी "थांब" म्हणालो होतो.) हा प्रकार खिडकीतून शेजारच्या पीअर्सन आजोबांनी पाहिला आणि पाऊण तासात एक पोलीस बाई आणि एक पोलीस तरुण दारात हजर झाले. एका गृहस्थाने बायकोवर बंदूक रोखली आहे, अशी खबर होती. आमचा कायम राहण्याचा अर्ज अजून होम ऑफिसात पडलेला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

पोलीस बाईंनी विचारले, "सर, ही बंदूक आहे का?" कुणीही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण मी गेले चार दिवस त्या वस्तूला बंदूक मानूनच वागत होतो, तेव्हा नुसते "नाही" म्हणणे अर्धसत्य झाले असते. मी म्हणालो, "ही बंदूक नाही, पण बंदुकीच्या जागी आहे. आणि ती भरलेली आहे." दोघांनी एकदमच एकेक पाऊल मागे घेतले. तेवढ्यात ताई पुढे झाली. माझ्या हातातून सोऱ्या हिसकावत मला मराठीत म्हणाली, "गप बस, सत्यवचनी!" मग त्यांच्याकडे वळून आपल्या ॲरिझोनाच्या इंग्रजीत, "कम इन, ऑफिसर, आय विल शो यू व्हॉट इट शूट्स." दहा मिनिटांत तेल तापले. पोलीस तरुणाने सहा चकल्या खाल्ल्या. पोलीस बाईंनी माझी चाचणीची वही चाळली आणि अकरा सेकंद व दोन सेकंद या आकड्यांवर बोट ठेवून विचारले, "मग अजून काय शोधताय?" मी म्हणालो, मला खऱ्या काडतुसाचा अनुभव नाही. त्यावर त्यांनी मातीच्या तबकड्या हवेत उडवून बंदुकीने फोडण्याचे एक मैदान गावाबाहेर आहे, तिथे शिक्षकाच्या देखरेखीखाली सगळे कायदेशीर असते, असे सांगितले आणि जाताना सोऱ्या घरातच ठेवण्याची विनंती केली. म्हणून शुक्रवारी मी तो घरातल्या घरातच बांधला. दोनदा पायजमा सुटला, याहून सांगण्यासारखे काही घडले नाही.

काल शनिवारी आम्ही तिघे त्या मैदानावर गेलो. तुमच्याच मापाच्या काडतुसांची लांब बंदूक मिळाली. मी पंचवीस तबकड्यांवर नेम धरला. एकही फुटली नाही. (एक आपोआप फुटली, ती मी मोजली नाही.) लांब नळीतून हे हाल, तर वीतभर नळीतून, घाबरलेल्या हाताने, अंधाऱ्या बोळात काय होणार?

तेव्हा निर्णय: जवळून मारायचे तर बाहेर काढेपर्यंत चोर पोहोचतो, लांबून मारायचे तर छर्रे चोर सोडून सगळीकडे पोहोचतात. वजनाने पँट उतरते, बसता येत नाही, वाकता येत नाही. सापासाठी कदाचित चालेल, पण तुम्ही रद्दीच्या टोपलीपर्यंत पोहोचेतो साप थांबणार नाही. रोज कमरेला बाळगण्यास हे रिव्हॉल्वर अव्यवहार्य आहे. दुकानात परत द्यावे. हा निर्णय मी एका बैठकीत घेतला, याची ऋजुता साक्षीदार आहे.

आपला आज्ञाधारक,
यतीन

ता. क. १ : एक गोष्ट दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ताईची झोपायची सोय ज्या छोट्या खोलीत केली आहे, तिथे माझ्या कॉलेजपासूनच्या डायऱ्या आहेत. ती रोज दुपारी त्या थोड्या थोड्या वाचते. सध्या १९९६ चालू आहे. १९९७ मध्ये मी तुमच्याकडे दीड महिना राहिलो होतो आणि तुम्हा दोघांविषयी, विशेषतः तिच्या आमटीविषयी, मोकळेपणाने लिहिले होते. त्यामुळे ती लवकरात लवकर परत जावी, अशी माझी तळमळ आहे. या तळमळीचा निर्णयावर परिणाम झाला का, हे मी तपासले. झाला असावा. पण मग "व्यवहार्य" म्हटले असते तरी ती परतच गेली असती, म्हणजे मी दोन्हीकडून सारखाच भ्रष्ट आहे, तेव्हा निर्णय निःपक्षपाती धरायला हरकत नाही.

ता. क. २ : पत्र ताईने वाचले. वर एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती तिने लिहायला लावली: पंचविसातल्या एकोणीस तबकड्या तिने फोडल्या. मैदानावरच्या लोकांनी तिला बायकांच्या संघात घेतले आहे आणि सामना २३ नोव्हेंबरला आहे. निर्णय काहीही असो, त्याआधी ती हलणार नाही. तेव्हा खरी विनंती अशी, की रिव्हॉल्वर परत करून तुम्हीच इकडे यावे. जमल्यास या आठवड्यातच, कारण १९९६ ची पाने फार थोडी उरली आहेत.

ता. क. ३ : तुम्ही यायला तयार असलात तर ताईने एवढे सांगायला सांगितले आहे, ते तिच्याच शब्दांत: "भीती वाटत होती, तर दुकानदाराला कशाला सांगितलंत? मी घरातच होते."