गाण्यामागचा लूम

शुक्रवार, ९ जाने.
आज चहा घेताना हे शेवटी बोलले. "गाण्याच्या मागं लूम चालतोय गो."
म्हटलं, शेजारच्या सलीमभाईचा असेल.
"आज शुक्रवार हाय."
खरंच की. शुक्रवारी सगळ्या गल्लीला सुट्टी. पोरं रस्त्यात क्रिकेट खेळतात. आणि आमचे कापडाचे लूम तर भंगारात गेले. कारखाना भाड्यानं दिला, आत पुठ्ठ्याचे खोके. खोके काय खटाखट करतात?
मग स्टिरिओच्या अँप्लीत खोट आहे, असं ह्यांचं म्हणणं. लूम गेल्यावर घर खायला उठलं म्हणून हा स्टिरिओ घेतला. स्पीकर माझ्या खांद्याएवढे. त्यांच्यासाठी कपाट हलवलं, देव हलवले. आता म्हणे खोट.

रवि. ११
सलीमभाईला ऐकायला बोलावलं. शेजारी लूमवाले, जुनी दोस्ती. पाय पसरून बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, "मस्त बजता है दत्तूशेठ. थोडा टोचतोय कानाला, बस."
"मागं काय ऐकू येतं?"
"मागे? मागे भाभी उभी हाय, चहा घेऊन."
दोघं हसले. ह्यांचं हसणं तोंडापुरतं.
दोघं ओरडूनच बोलतात. नव्या माणसाला वाटेल भांडण लागलं. जन्म कारखान्यात गेला, सवय.

बुध. १४, संक्रांत
पूजा आली, तिळगूळ घेऊन. दापोड्याला गोडाऊनच्या ऑफिसात आहे, तिथूनच परस्पर. म्हणाली, बाबा, एकदा कान तपासून घेऊ.
"कान ठणठणीत हायत. तूच हळू बोलतेस."
तिनं तिळगूळ ताटलीत काढला. मग हेच म्हणाले, "कान गेले तर मी काय करू? खोके मोजत बसू?"
नंतर मोबाईलवर खटपट. असे स्टिरिओवाले लोक आहेत म्हणे, त्यांचा ग्रुप. एकमेकांच्या घरी जातात, ऐकतात, मत देतात. "बाहेरच्या माणसाचं मत पायजे. घरची माणसं गोड बोलतात."
मी कधी गोड बोलले?

रवि. १८
ठाण्याचे दोघं आले. नाईक आणि एक दाढीवाला. पोहे केलेले, शिवले नाहीत. आधी खाल्लं की कान जड होतात म्हणे. मग कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन टाळ्या वाजवल्या. आरतीला आल्यासारखे. आवाज कसा फिरतो ते बघतात.
मग पडदे ओढले, दिवा बंद. डोळे मिटले की कान उघडतात, नाईक म्हणाला. तिघं अंधारात, कुणी गेल्यासारखे. मी दारात.
गाणं संपलं. दिवा कुणी लावला नाही. नाईक म्हणाला, "काका, वरचा आवाज फार तिखट ठेवलाय. इतका कुणी ठेवत नाही."
हे म्हणाले, "थँक्यू, थँक्यू."
थँक्यू कशाचं?
"आणि मागं लूम?"
दाढीवाला म्हणाला, "नाही काका. मागे एकदम शांत आहे. एवढी शांत खोली आम्हाला मिळत नाही."
"मग वायर बदलू?"
ते दोघं उठले. पडदे मीच उघडले.
ते गेल्यावर हे खुशीत. "ठीक हाय म्हणाला. नाईक म्हणाला, वरचा आवाज ठीक हाय."
तिखटचं ठीक झालं.

सोम. १९
मेथी निवडताना डोक्यात आलं. अंधार होता.
कारखान्यात कोण कानानं बोलतं? सगळे ओठांवर. मी सुताच्या कांड्या भरायचे तेव्हा ह्या टोकाला बसून त्या टोकाच्या बाईला, पाणी आण, असं नुसतं ओठांनी सांगायचे. ती आणायची. ते ठीक. पण घरात?
बघितलं करून. चुलीकडं तोंड, ह्यांच्याकडं पाठ. म्हटलं, "अहो, तुमच्या भावानं दुसरं लग्न केलं."
काही नाही. पेपर वाचतायत.
वळून म्हटलं, मीठ द्या. त्याच आवाजात. दिलं.
इतकी वर्षं मी बोलताना हे माझ्या तोंडाकडं बघत बसतात आणि मला वाटायचं
जाऊ दे.

शुक्र. २३
गल्ली बंद होतीच. मी जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला, फ्रीज थांबला. ह्यांच्यासमोर उभी राहिले. "बघा. आता काही चालू नाही. अँप्ली पण मेली."
मान तिरकी केली, ऐकलं. "चालतोय."
"कुठं?"
भिंतीकडं बोट. पलीकडं कारखाना. "पाच नंबर. त्या लूमचा धोटा अडखळायचा ना सुतातून जाताना, तसाच अडखळतो."
मी भिंतीला हात लावला. थंड. बाहेर जाऊन शटरला कान लावला. पुठ्ठ्याचा वास, बाकी काही नाही. येऊन ओरडले, खोके आहेत आत, नुसते खोके.
"मला ठावं हाय."
मग अँप्लीवर हात ठेवला. म्हणाले, "म्हणजे हिच्यात न्हाय."
स्वतःचा कान चाचपला. उठून स्पीकरवर चादर टाकली. मयतावर टाकतात तशी.

मंगळ. २७
चादर तशीच. जेवण अर्धं. खुर्ची भिंतीकडं फिरवून बसतात. सलीमभाई येऊन गेले, त्यांच्याशी पण बोलले नाहीत.
जाऊबाईंचा फोन. वज्रेश्वरीला न्या, कुंडात आंघोळ घाला, लागलं असेल काही. म्हटलं, लूमचं भूत? ते असतं तर भंगारवाल्याला लागलं असतं, आम्हाला का?
फोन ठेवला आणि भिंतीकडं बघितलं. उगीच.
पूजानं कानाच्या डॉक्टरचा नंबर लावलाय. पुढच्या सोमवारी. हे हो पण नाही, ना पण नाही.

रवि. १ फेब्रु.
सकाळी ह्यांनी स्वतः चादर काढली. मधली खुर्ची पुसली.
"बस गो. तूच सांग. तू कांड्या भरल्यास तिथं, तुला पाच नंबर ठावा."
त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते. खालून झाडू मारते रोज. बसले. पडदे उघडेच. हे समोर स्टूल घेऊन, माझ्या तोंडाकडं तोंड करून.
गाणं लावलं. गाणारी बाई सुईसारखी टोचत होती. तरी ऐकत राहिले. संपलं, नुसती तबकडी फिरत राहिली. मागं काही नव्हतं. काहीच नाही.
हे बघत होते.
तोंडात सगळं आलं होतं. तुमचे कान गेलेत, तो तुमच्या डोक्यात आहे, डॉक्टरकडं चला. ते ओठ बघत होते. किती म्हातारे दिसले.
म्हटलं, "हो. चालतोय. लांबून."
"पाच नंबर?"
"पाच नंबर."
खांदे एकदम खाली आले ह्यांचे. दुपारी मागून भाकरी घेतली.

सोम. २
डॉक्टरकडं गेलो नाही. म्हणाले, "माझ्या कानाला काय झालंय? तुला पण येतंच की ऐकू."
पूजाला काय सांगू.

शुक्र. ६
गल्लीभर सांगून झालं. ग्रुपवर पण टाकलं, आमच्या मंडळींना पण ऐकू येतंय. सलीमभाई मला बाजूला घेऊन विचारतात, "भाभी, सच?" मी भाजीवाल्याला हाक मारली.
रविवारी नाईक परत येणार. कसलंतरी मशीन आणणार, बारीक आवाज पकडायचं. हे म्हणतात, "तू दाखव त्यांना, कुठून येतो ते."
म्हटलं आजच सांगून टाकायचं. भाकऱ्या झाल्या की समोर बसायचं आणि सांगायचं. लूम बंद, पोरंही आज कुठं गेलेली. सगळं गप्प, माझं थापणंच तेवढं.
थापता थापता हात थांबवला. थापल्याचा आवाज थांबला नाही.
परत थापली. परत थांबले. बारीक, लांबून. मध्येच अडखळून पुढं. का माझंच काळीज. मी पण त्याच कारखान्यात बसलेली बाई, माझे कान कुठले वेगळे.
हे दारात आले, नजर माझ्या ओठांवर. "काय झालं गो?"
मी तोंडावर पदर धरला.