पहिली फेरी

प्रिय मनोज,

चिंधीच्या हातून पत्र आलं म्हणून दचकू नकोस. ती रोज सकाळी तुझ्या कॅम्पवर भाकऱ्या करायला येते, आमच्याच दारावरून रिक्षा पकडते, तेव्हा तिच्याइतकं भरवशाचं टपाल मला दुसरं दिसलं नाही. माझा फोन फुटलाय हे तुला ठाऊक आहे. तुझ्या दाजींच्या, किरणच्या फोनवरून बोलायचं तर तो शेजारीच असतो. परवाही होता. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या दुकानातल्या चार एटीव्ही गाड्या येणार, शेड रंगवून झाली, शाळांच्या सहलींना कळवून झालं, असं तू आनंदाने सांगत होतास आणि मी "छान झालं रे" म्हणाले. ते खरं नव्हतं. तू नेहमी चिडवतोस ना, की ताईला मुद्द्यावर यायचं तर आधी बोरघाट चढावा लागतो. आजही तसंच होणार आहे, पण शेवटपर्यंत वाच आणि अक्षदालाही वाचून दाखव, नवरा-बायको दोघांनाही कळायला हवं. पायाचं म्हणशील तर प्लास्टर अजून आहे, रात्री ठणकतो, बाकी बरी आहे. मी बाथरूममध्ये घसरले असं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, त्याबद्दल शेवटी लिहीन.

आमचं दुकान नवं होतं ते दिवस तुला आठवत असतील. कर्जत-चौक रस्त्याला खाली शोरूम, वर आम्ही, आणि शोरूममध्ये जेमतेम पाच मोटरसायकली. पहिली गाडी हिरामणतात्यांनी नेली. नारळ फोडला, हार घातला, किरण किल्ली द्यायला पुढे झाला तर तात्या म्हणाले, "थांब रं, आधी माज्या नातीला बसवू दे, घरची लक्ष्मी हाय ती." टाकीवर नात आणि मागे तात्या अशी ती गाडी निघाली, आणि त्याच आठवड्यात तात्यांच्या गावातून आणखी तिघं गाडी घ्यायला आले. किरणने ते मनावर घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. गाडी गिऱ्हाइकाच्या दारात पोचली की पूजा होईपर्यंत कुणी ती चालू करायची नाही, आणि पहिल्या फेरीला घरातली छोटी मुलगी पुढे. घरात मुलगी नसली तर शेजारची मागून आणायची. त्या सगळ्या पोरींचे फोटो शोरूमच्या भिंतीवर आहेत. तुझ्या मोटरसायकलीवर बसलेली तुझी लेक रियाही आहे, हॉर्नवरून बोट काढायला तयार नव्हती ती. दर दिवाळीला मी त्या चौकटी हौसेने पुसायचे. यंदा मला तिकडे बघवत नाही.

दुकान चाललं होतं रे, अगदी छान नाही पण चाललं होतं. मग ज्या कंपनीच्या स्कूटरी आमच्याकडे धडाधड खपत होत्या, तिच्या माणसाने अट घातली. स्कूटरी हव्या असतील तर सोबत एटीव्हीही घ्या. त्या जाड चार चाकांच्या, चिखला-दगडांतून उड्या मारणाऱ्या गाड्या. भाजीवालीने टोमॅटोबरोबर दुधी गळ्यात मारावा तसा प्रकार. पण किरणलाही त्या आवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. म्हणाला, आपल्याकडे जिकडे बघावं तिकडे फार्महाऊस उठतायत, लोक रांग लावतील. दोन गेल्याही, एकाच फार्महाऊसवाल्याकडे. त्यानंतर जो येईल तो त्यांच्यावर बसायचा, पोरांना बसवायचा, फोटो काढायचा, आणि ही रस्त्यावर चालवता येत नाही असं कळलं की उतरून स्कूटरचं ॲव्हरेज विचारायचा. एटीव्हींनी शोरूमची मधली जागा धरली आणि खपणाऱ्या स्कूटरी बाहेर ताडपत्रीखाली गेल्या. भर पावसात ओली सीट पुसून गिऱ्हाईक कोण बसवणार? लोक पुढच्या मोठ्या शोरूमला जायला लागले. कंपनी म्हणे, आधीचा माल उठल्याशिवाय नव्या स्कूटरी मिळणार नाहीत. आणि स्कूटरी नसल्या तर आमच्या दुकानात यायचं कशाला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काउंटरवरची मुलगी गेली, गाड्या धुणारा गेला, शेवटी एकटा झाकीर मेकॅनिक उरला.

उभी गाडी मरते, मनोज, हे मी डोळ्यांनी पाहिलं. उंदरांनी सीटमध्ये घरं केली. एकीच्या खाली सापाची कात सापडली, ती मी काठीने बाहेर काढली आणि कुणाला बोलले नाही. टाकीतलं पेट्रोल नासलं की त्याला एक आंबूस वास येतो, तो जिन्यावरून वर स्वयंपाकघरात यायचा आणि लसणाच्या फोडणीलाही हटायचा नाही. त्यात कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. सुटे भाग येईनात. फार्महाऊसवाल्याच्या गाड्या कुरकुरायला लागल्या की तो दुकानात येऊन चार माणसांत आवाज चढवायचा, आणि त्याला गप्प करायला किरण झाकीरला म्हणायचा, मागच्या रांगेतल्या एटीव्हीचं काढून लाव. आज केबल, उद्या ब्रेकचा पंप. ज्या गाडीचा भाग काढला तिला दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा, जरासा घासून, बसता करून लावायचा, म्हणजे बघणाऱ्याला भोक दिसू नये. हे आमच्या धंद्यात सगळेच थोडंफार करतात. पण तो भाग मागाहून आणून बसवतात. आमच्याकडे तो कधी आलाच नाही.

गणपतीच्या सुमाराला झाकीरने खोपोलीत काम धरलं. जायच्या दिवशी वर आला, चहा घेतला, कप खाली ठेवताना म्हणाला, "वहिनी, मागच्या रांगेतल्या गाड्या शोभेला ठेवा. सपाटीला ब्रेक लागंल, उताराला नाय लागायचा. शेटना बोललोय मी, तुमी पन बोला." मी बोलले. किरण म्हणाला, दुसरीकडे नोकरी मिळाली की माणसाला जुन्या जागेत खोटच दिसते. त्याच्या आवाजात राग नव्हता, मनोज. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तुझे दाजी कसे होते ते तुला सांगायला नको. किल्ल्या मोजताना गुणगुणायचे, माझ्या चहाला गढूळ पाणी म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. आता दुपारी शोरूम रिकामी असते तेव्हा किरण त्या एटीव्हीवर जाऊन बसतो. चालू करत नाही. हँडल धरून भिंतीकडे तोंड करून नुसता बसून राहतो. एकदा विचारलं तर म्हणाला, बॅटरी बघतोय. घरात सवत आणली असती तर दोन शब्द भांडता तरी आलं असतं. या रांगेशी काय भांडणार? मला तिची भीती वाटायला लागली. संध्याकाळी दिवा लावायला खाली गेले की त्या सगळ्या जणी जिन्याकडे तोंड करून उभ्या असायच्या, आणि मी पाठ न फिरवता, उलटी पायऱ्या चढायचे. हसशील तू.

मी पडले त्यानंतरच्या आठवड्यात किरण बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला आणि म्हणाला, मनोजला देऊ या, त्याच्या कॅम्पला हव्याच आहेत, घरातल्या घरात राहतील. मागच्या रांगेतल्या त्या चार गाड्या उठल्या की दिवाळीनंतर स्कूटरी यायला लागतील. मला वाटलं, देण्याआधी दुरुस्त करून घेईल, झाकीरला बोलावेल. तू फोनवर म्हणालास, "दाजींनी शेवटी मला आपलं मानलं." किती वर्षं तुला वाटत होतं की दाजी तुझ्या कॅम्पला पोरखेळ समजतात. ते तुझं वाक्य मी अजून विसरलेले नाही. म्हणूनच हे लिहायला मला इतके दिवस जड गेलं.

झाकीरला बोलावणं गेलं नाही. किरणने स्वतःच त्या धुतल्या, पुसून चकचकीत केल्या, ब्रेकमधलं तेल बदललं. रोज संध्याकाळी तो एकेक गाडी अंगणात चालवतो आणि मी वरच्या खिडकीत, पाय स्टुलावर टाकून, बघत असते. अंगणाच्या टोकाला जातो, ब्रेक दाबतो, गाडी थांबते. वळवून परत येतो, पुन्हा ब्रेक दाबतो, पुन्हा थांबते. मग मान वर करून माझ्याकडे बघतो, जणू म्हणतो, थांबते की नाही? अंगण आमचं तळहातासारखं सपाट आहे. मागे कुंपणाला लागून मुरमाचा उतार आहे, खाली भातशेतापर्यंत जाणारा, तुझ्या कॅम्पवरच्यासारखाच. तिकडे तो एकदाही गाडी नेत नाही. एकदा जरी नेली असती ना, तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता पायाचं सांगते. मी बाथरूममध्ये घसरले नाही. किरणला मोबाइलवर टाकायला व्हिडिओ हवा होता. साडी नेसलेली बाई एटीव्ही चालवतेय असं दिसलं की लोक बघतील, म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो कशासाठी तरी हौसेने बोलला, म्हणून मी काठापदराची नेसून बसले. झाकीरचे शब्द मला आठवत होते, तरी बसले, कारण तो हसत होता. त्याच मागच्या उताराच्या मध्यावर मी ब्रेक दाबला तो थेट मुठीला येऊन टेकला, आणि गाडी आणखी जोरात निघाली. खाली बांधावर आपटले, फोन कमरेला होता तो चिरडला, आणि पायावर गाडी. किरण धावत आला. त्याने गाडी उचलली, आणि माझ्याकडे वळायच्या आधी, मनोज, त्याने गाडीच्या फुटलेल्या डाव्या मडगार्डवरून हात फिरवला. एवढासाच वेळ. मग मला पोटाशी धरून तो रडला, दवाखान्यात रात्रभर उशाशी बसला, आणि सकाळी डॉक्टरांना बाथरूमचं सांगितलं. मीही मान हलवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, नवऱ्याची लाज ती आपली लाज. आता तो म्हणतो, तू घाबरून ब्रेक सोडलास, आणि मला वाटतं ते त्याला खरंच वाटायला लागलंय. तो फुटलेला मडगार्ड काढून त्याने दुसऱ्या गाडीचा बसवलाय, बाकीच्या अंगापेक्षा जरा उजळ दिसतो, त्यावरून तुला ती ओळखता येईल. चौघींत तीच सगळ्यांत नवी दिसते, म्हणून पाडव्याच्या पूजेला आणि पहिल्या फेरीला त्याने तीच निवडली आहे. भिंतीवर फोटोसाठी एक खिळाही मारून ठेवलाय, आणि रियाला हिरवा फ्रॉक घाला, गाडीला शोभेल, असा निरोप अक्षदाला गेलाय. उद्या, पाडव्याला, दुपारी गाड्यांचा टेंपो तुझ्याकडे पोचेल. तो फाटकाच्या आत घेऊ नकोस. हार नको, नारळ नको, सपाटीवर चालवून बघणं तर नकोच, कारण सपाटीवर ती थांबते आणि तुझाही विश्वास बसेल. सहलींची पोरं रुसली तर रुसू देत. किरणला माणसांसमोर टाकून बोलू नकोस, तो वाईट नाही रे, फार थकलाय. तो एकच विचारेल, तुला हे कोणी सांगितलं? झाकीरचं नाव घेऊ नकोस, चिंधीचंही नको. माझं सांग.

तुझीच,
ताई