राखून ठेवलेले दिवस

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१८ जुलै २०२५

चि. श्रेया,

तुला आणि टोबियासला आशीर्वाद. इथं आम्ही तिघंही बरे आहोत. तू बरी नसशील, हे माहीत आहे. तुझ्या मोठ्या बाबांचा गुडघा दुखतो, तरी सकाळी फिरायला जातातच. वहिनींनी, म्हणजे तुझ्या मोठ्या आईनं, तुझ्यासाठी पापडांबरोबर ज्वारीच्या बिबड्याही घालून ठेवल्यात. परवा पिशोरला शेतावर जाऊन आलो. मका लई चांगला आलाय.

टोबियासची आजी गेल्याचं तू काल फोनवर सांगितलंस. तिला तुमचं लग्न बघायचं होतं. ठरल्याप्रमाणं मे महिन्यात झालं असतं, तर चाकाच्या खुर्चीत बसून का होईना, तिनं बघितलं असतं. तू रडत होतीस आणि रडता रडता मलाच समजावत होतीस, "पप्पा, तुमचा काय दोष? कायदाच तसा आहे. तुमच्याशिवाय लग्न नको, हे मीच ठरवलं होतं." मी "हो बेटा" म्हणालो आणि फोन ठेवला.

कायदा आहे तो तसाच आहे, त्यात खोटं काही नाही. माझ्यासारख्या ब्रिटिश पासपोर्टवाल्याला आता युरोपात एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं. पूर्वी आम्ही इंग्लंडहून ट्रक घेऊन महिनोन्‌महिने तिकडं फिरायचो, कुणी विचारत नव्हतं. ब्रेक्झिटनंतर ट्रकमध्ये काढलेला दिवसही मोजतात आणि लेकीच्या लग्नाला गेलेला दिवसही त्यातच धरतात. एप्रिलअखेर माझे दिवस संपले होते. एवढं तुला माहीत आहे.

काल तुझा फोन झाला तेव्हा वहिनी शेजारीच मेथी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भावजी, दिवस संपले व्हते हे खरं. पण संपवले कुणी?"

"काम व्हतं, वैनी. कंपनीनं पाठवलं."

"पोरीचं लग्न म्हाईत असून पाठवलं?"

मी उठून गच्चीवर गेलो.

कंपनीनं नाही पाठवलं, श्रेया. आमच्या ऑफिसात कुणी कुठं जायचं ते ठरवणारी एक बाई आहे. तिनं तुझ्या लग्नासाठी माझे दहा दिवस आपणहून राखून ठेवले होते. एप्रिलमध्ये इटलीची फेरी निघाली. दुसरा ड्रायव्हर मोकळा होता. मीच म्हणालो, मी जातो. तिनं दोनदा विचारलं, "लग्नाचं काय?" मी खोटंच सांगितलं, तारीख पुढं गेली. तिकडं गेल्यावर आणखी एक भाडं मागून घेतलं. त्यात सगळे दिवस गेले. मग तुला फोन करून कायद्याचं सांगितलं. तू खरंच तारीख पुढं ढकलशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

मार्चमध्ये तू म्हणाली होतीस, तिकडं नवरीचा बाप उभा राहून मुलीच्या लहानपणाबद्दल बोलतो. "मराठीतच बोला पप्पा, मी सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगेन." त्यानंतर गाडी चालवताना मी आठवायला लागलो. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची. वर्षाच्या आत तुला वहिनींच्या ओटीत टाकून मी परदेशी गेलो. सायकल तुला कुणी शिकवली, शाळेत जाताना रडायचीस का, आजारी पडलीस की कुणाला बिलगायचीस, मला काहीच माहीत नाही. माझ्याजवळ फक्त विमानतळावर घ्यायला आलेली श्रेया आहे, दर वेळी थोडी उंच झालेली. त्या लग्नाच्या हॉलमध्ये मी काय बोलणार होतो? वाटलं, कायदा आडवा आला तर बरं. तो आला नाही, म्हणून मीच आणला.

त्यापायी एक म्हातारी नातवाचं लग्न न बघता गेली. आणि तू टोबियासच्या घरच्यांपुढं माझी बाजू घेत राहिलीस.

आज सकाळी भाऊंना आणि वहिनींना सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पोरीला लिहा. फोनवर तुम्ही पुन्हा कायतरी सांगून मोकळे व्हाल." दुपारी जेवायला भाऊंनी आपलं ताट आतल्या खोलीत नेलं.

त्या दोघांच्या व्हिसाचे कागद पुढच्या आठवड्यात दाखल करतोय. लग्नात बोलायचा मान वहिनींचा आहे. त्यांना तुझं सगळं तोंडपाठ आहे.

सप्टेंबरपर्यंत माझे दिवस पुन्हा मोकळे होतात. हे पत्र टोबियासला वाचून दाखव. त्याच्या आईलाही सांग. मग तू ठरव. ये म्हणालीस तर मागच्या रांगेत बसेन. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि कुणी कारण विचारलं तर ह्या वेळी खरं सांगेन.

ज्याला तू अजून पप्पा म्हणतेस तो,
इंद्रजीत