खुळखुळ्याच्या जागी

३/२/२३, अमरावती
मिठूचा ताप उतरला. आज शेजारच्या सुनेचं डोहाळजेवन. बायांनी धरून बसवलं. म्हने, हिले नाव घ्याले येत नाई, जुळवून दे. देल्लं. मंग दुसरीले, मंग तिसरीले. सातवीत शाळा सुटली पन दुसऱ्याच्या नवऱ्याचं नाव मले कशातबी बसवता येते.
सासू, म्हंजे आत्याबाई, दाराशी उभ्या होत्या. मामाजी, माहे सासरे, गेल्यापासून त्याहीले कोनी नाव घे म्हनत नाई. (आत्याबाई लिवाले लांब पडते, आता आ.बा. लिवतो.) घरी आल्यावर आ.बा. म्हने, "बाहेर लय तोंड चालते वं तुह्यं. घरात त मुकी असतं."
मुकीच बरी. चांदूर रेल्वेच्या चुलत जावेनं मोबाईलवर नाच टाकला होता. तिले माहेरी सोडून आले, पोरगं ठून घेतलं. तेव्हापासून मिठू झोपली तरी माहा एक हात तिच्यावर असते.

१९/४/२३, अकोला
माहेरी आली. ऊन भल्लं. निकी भेटाले आली, शाळेतली माही जोडीदारीन. मोबाईलच्या दुकानात कामाले हाय, बाकी टायमाले रॅप करते. रेकॉर्डिंगले टेलरच्या दुकानावर खोली घेतली, भिंतीले जुन्या गाद्या बांधल्या, आवाज घुमू नये म्हून.
म्हने, "तू लगनात जे जुळवून देतं ते रॅपच हाय वं. मांग ढोल नाई एवढंच."
मी म्हतलं, मले सासू हाय, नवरा हाय, पोरगी हाय.
"मले तिन्हीतलं काई नाई. म्हून त तू पाह्यजे."

२१/४/२३
मिठूले मांडीवर घेऊन जुळवलं.
तांदळात लिवलं नाव नवं, आंगठीनं कोरलं
आईनं ठेवलं होतं जे, ते सांगा कोनं चोरलं?
नाव घे, नाव घे, मांडव सारा बोंबलते
घेतो ना. घेतो मी. काहून तोंड आंबते?
याच्यापुढं मिठूच्या पप्पाचं नाव घ्याचं ठरलं. म्हंजे घरी समजलं तरी कोनाले बोलाले जागा नाई.

२३/४/२३
काय झालं माह्या हातून.
त्या खोलीत गानं रेकॉर्ड करताना निकी "नाव घे, नाव घे" म्हनत गेली अन माह्या तोंडून माह्यंच निघालं. तेबी लगनाआधीचं. अमरावतीत त्या नावानं मले कोनी हाक मारत नाई.
निकी कानाचे हेडफोन काढून माह्याकडं पाहतच राहिली. म्हने, हे ठेवू. मी म्हतलं काट. म्हने, काटलं त गान्याले भोक पडते. मी रडाले लागली. मिठूच्या पप्पानं आयकलं तर, आ.बा.नं ऐकलं तर, मिठू...
मंग पिशवीतून मिठूचा खुळखुळा काढला. जत्रेतला, आत एक मनी अडकेल, खुळ-खुळ-खट वाजते. नावाच्या जागी तो वाजवला.
माह्यं नाव कुठीच लिवनार नाई अशी निकीले मिठूच्या डोक्यावर हात ठून शपथ घ्याले लावली.

२/६/२३, अमरावती
गानं आलं. "नाव घे". खाली निकीचं नाव, बाजूले "अन एक बाई". एक बाई म्हंजे मी.
आयकलं नाई. भेव वाटलं.

२०/६/२३
बाजारात भाजी विकाले बसली होती. समोरच्या ऑटोत वाजून राहिलं होतं. दोन कॉलेजच्या पोट्ट्या संग म्हनत होत्या. खुळखुळा आला तशी एक म्हने "वैष्णवी", दुसरी म्हने "सानिया", अन एकमेकीले टाळी देल्ली.
मी मेथीची जुडी हातात धरून तशीच. गिऱ्हाईक म्हने, "बाई, देतं का निसती पाहतं?"
ते भोक मी भेवून पाडलं. ह्या पोट्ट्या त्यात सोताले बसवून राहिल्या.

२५/६/२३
जेवताना मिठूचे पप्पा म्हने, हे गानं आयकलं काय? मी म्हतलं, नाई त. तेवढ्यात मिठूनं खुळखुळा आपटला. खुळ-खुळ-खट.
त्याहीचा घास हातातच. खुळखुळ्याकडं पाहिलं, मंग माह्याकडं.
"भाजीत मीठ कमी हाय," म्हने.
मीठ बरोबर होतं.

२६/६/२३
खुळखुळा कपाटावर गेला. त्यायनंच ठेवला. मिठू रडली तरी काढला नाई. आ.बा. नं विचारलं तर म्हने, "फुटला." फुटला नाई तो. मी पाहिला.
मंग मले वाचवून राहिले का सबूत ठून राहिले? 

१४/२/२४
पातूरच्या लगनाचा व्हिडिओ सगळ्यायच्या मोबाईलवर. मांडवात आमचं गानं लावलं, नवरीले म्हतलं नाव घे. तिनं पयले तिचं घेतलं, मंग नवऱ्याचं. नवरदेव म्हने, माहा नंबर दुसरा का? ती म्हने, आला हे काय कमी हाय? भटजी हासून हासून लाल.
पुन्याच्या एका जनानं गान्याखाली लिवलं, ह्यांचे वऱ्हाडी शब्द कानाले टोचतात. निकीनं उत्तर देल्लं, कान धून ये.

९/८/२४
निकी धारणीले जाऊन आली कार्यक्रमाले. जीपनं गेली, कंबर गेली म्हने. पन तिथं शाळेतल्या पोरी लाइन लावून उभ्या राहिल्या, जिच्यातिच्या वाट्याले नाव घ्याले एक खुळखुळा पाह्यजे. एक पोरगी कधी वर्गात बोलत नोती, तिनं दोनदा नाव घेतलं अन परत लाइनीच्या मांग जाऊन उभी राहिली.
आता तिथल्या मॅडम हजेरी तशीच घेते. त्या खुळखुळा वाजवते, पोरी नाव सांगते.
फोन ठून मोरीत जाऊन हासली. मंग रडली. आ.बा. बाहेरून म्हने, "पोट दुखते काय वं?"

११/५/२५
दिराची हळद. डीजेवाल्यानं लावलंच. बाया गोल करून नाचत होत्या, खुळखुळा आला की सगळ्यायचा एकच कल्ला, कोनाचं नाव कोनाले समजत नोतं. आ.बा. मांग, खुर्चीवर. हळदीले त्याहीनं हात लावला नोता.
मिठू धावत गेली, आजीच्या मांडीवर चढली. "आजी, नाव घे."
बाया थांबल्या. मले वाटलं आता उठून जातीन. खुळ-खुळ-खट.
"सुभद्रा."
लय हळू. डीजेवाला पोट्टा हुशार निघाला, गानं मांग घेतलं, परत तीच जागा लावली. या टायमाले आ.बा. उठून उभ्या राहिल्या. "सुभद्रा." मांडवाबाहेर आचाऱ्यानं वळून पाहिलं.
रेशन कार्डावर वाचलं होतं मी ते. तोंडून आज आयकलं. मंग त्याही नाचल्या. गुडघ्याचं नावबी काढलं नाई.

१२/५/२५
भांडे घासत होतो दोघी. आ.बा. म्हने, "तो खुळखुळा आपलाच हाय ना, गान्यातला?"
माहे हात थांबले. मी मिठूकडं पाहिलं.
"तिच्याकडं काय पाहतं? तिले कोनी नेऊन नाई राहिलं. मले पयल्या दिवसापासून माईत हाय. सून माही, आवाज वळखनार नाई का मी?"
"मंग बोलल्या काहून नाई?"
"तू सांगतं का ते पाहत होती. तू त भेकड."
"चांदूरवालीचं पाहिलं होतं मी."
त्याहीनं परात ओढून घासाले घेतली. मंग, "ते घर चांदूरले हाय. हे माह्यं घर हाय."
घासलेली परात मले देल्ली. "अकोल्याचं काय नाव होतं वं तुह्यं?"
सांगितलं. त्याहीनं एकदा म्हनून पाहिलं. "बरं हाय की. आमी काहून बदललं कोन जाने," म्हने, अन कढईले हात घातला.

२/६/२५
उद्या अकोल्याले मैदानात कार्यक्रम. निकीचा फोन आला, "खुळखुळा वाजवत नाई ह्या टायमाले. जागा मोकळी सोडतो. तू उभी राहून भरजो."
आ.बा.नं निळं लुगडं इस्त्रीले देल्लं. मिठूच्या पप्पानं गान्याचा विषय अजूनबी काढला नाई. पन भाजीची गाडी धुतली, मांग गादी टाकली, अन खुळखुळा कपाटावरून काढून मिठूले देऊन टाकला. म्हने, "सापडला."
भेव वाटते. पन मिठूवर हात ठून झोपाचं ते भेव नाई हे.
मिठूले विचारलं, मम्मीचं नाव काय? तिनं छाती पुढं करून सांगितलं, तांदळातलं. तिच्यासाठी मी तेच हाय. अन उद्या पयल्या लाइनीत माही आई बसन, तिनं ठेवलेलं आयकाले.
आरशासमोर दोन्ही नावं म्हनून पाहिले. दोन्ही संग बसत नाई. खुळ-खुळ-खट, एवढ्या जागेत एकच मावते.